प्रश्न विचारणारी संन्यासिनी : महदाइसा

भाद्रपद शुद्ध द्वितीया हा दिवस तसा लगबगीचा. दुसऱ्या दिवशी हरितालिका, तिसऱ्या दिवशी श्रीगणेशाची स्थापना. घरोघरी वाळू आणून ठेवलेली असते, पत्रीची जमवाजमव चाललेली असते, मखराचे काम अर्धवट राहिलेले असते. या गडबडीत ही तिथी महानुभाव पंथात श्रीचक्रधरस्वामींचा अवतारदिन म्हणून पाळली जाते, ही गोष्ट अनेक घरांच्या ध्यानातून निसटून जाते. बुलढाणा जिल्ह्याने तरी ती निसटू देता कामा नये. स्वामींनी एकाकी भ्रमण केले त्या काळातील मेहकर आणि लोणार येथील लीळा ‘लीळाचरित्रा’त नोंदलेल्या आहेत. चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावाहून पहाटे निघालेला यात्रेकरू ही दोन्ही स्थाने पाहून दिवेलागणीपर्यंत घरी परतू शकेल, इतकी ती जवळ आहेत.

स्वामींचे चरित्र या निमित्ताने पुष्कळदा सांगितले जाते. आज त्यांच्या एका शिष्येचे चरित्र सांगावयाचे आहे. उद्या वाळूचे शिवलिंग मांडून अखंड सौभाग्य मागणाऱ्या आपल्या मायबहिणींना ते विशेष जवळचे वाटेल. कारण या स्त्रीच्या वाट्याला सौभाग्याचे एकही व्रत उरले नव्हते, आणि तरीही तिने एक व्रत घेतले व ते जन्मभर पाळले. ही स्त्री म्हणजे मराठीची आद्य कवयित्री महदाइसा, अर्थात महदंबा.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात एका विद्वान ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. रूपाइसा हेही त्यांचे एक नाव. पुढे पंथाचे पहिले आचार्य झालेले नागदेवाचार्य हे त्यांचे चुलतबंधू. तत्कालीन रीतीप्रमाणे बालपणी विवाह झाला आणि बालपणीच वैधव्य आले. देवगिरीवर यादवांचे राज्य होते. महादेवराव आणि त्यांच्यानंतर रामदेवराव यांच्या पदरी असलेला पंडित हेमाद्री याच सुमारास ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करीत होता, आणि त्याच्या व्रतखंडात शेकडो व्रतांचे विधिविधान संस्कृतात ग्रथित होत होते. संवत्सरातील क्वचितच एखादी तिथी व्रतावाचून मोकळी राहिली असेल. त्या सगळ्या पसाऱ्यात बालविधवेच्या वाट्याला येत असे तो माजघरातील एक कोपरा.

त्या कोपऱ्यातून महदाइसांना बाहेर आणले ते दादोस यांनी. रामदेव हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा शिष्यपरिवार मोठा होता आणि महदाइसा त्यांना गुरुस्थानी मानीत. दादोस स्वतः चक्रधरस्वामींकडे जात असत. त्यांच्याच संगतीने महदाइसा स्वामींच्या दर्शनास आल्या. येथे त्यांच्या आयुष्यातील पहिला कठीण प्रसंग उभा राहिला. ज्याने दार दाखविले त्याच्यापाशी थांबावे, की दारातून आत जावे? महदाइसा आत गेल्या. दादोसांना ते रुचले नाही, आणि शिष्या दुरावल्याची त्यांची खंत ‘लीळाचरित्रा’त लपून राहत नाही. दादोसांना सरसकट खलनायक ठरविण्याची प्रथा आहे. ती आम्हाला न्याय्य वाटत नाही. हाती धरून आणलेले माणूस आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचे व्हावे, हे सोसणे सोपे नसते.

घरदार सोडून ईश्वराच्या मागे जाण्याला महानुभाव परिभाषेत अनुसरण म्हणतात. हाच तो संन्यास. त्याचे नियम ऐकले तर आजही छाती दडपते. आपला देश आणि आपले आप्तसंबंध सोडावयाचे. ओळखीच्या गावी रमावयाचे नाही. झोळीत पडेल ते भिक्षान्न चवीची निवड न करता खावयाचे, झाडाखाली निजावयाचे, दिवसाचा काही काळ निर्जन जागी नामस्मरणात घालवावयाचा, पायाखालच्या मुंगीलाही इजा होऊ द्यावयाची नाही. हे नियम पुरुषांना होते तसेच स्त्रियांनाही होते. स्वामींनी स्त्रीला संन्यासाचा आणि मोक्षाचा अधिकार पुरुषाइतकाच मानला, आणि तिच्या मासिक धर्माचा विटाळ मानण्याचे नाकारले. बाइसा, आबाइसा, उमाइसा, साधा अशा कितीतरी स्त्रिया त्यांच्या परिवारात होत्या. आबाइसा या नागदेवाचार्यांच्या मातोश्री आणि उमाइसा त्यांच्या भगिनी. म्हणजे आप्तसंबंध सोडण्याचे व्रत घेतलेल्या महदाइसांच्या भोवती त्यांचेच आप्त नव्या नात्याने बसलेले होते. कालची काकू आता सहसाधक झाली होती. यातील अवघडपणा ज्यांनी एकत्र कुटुंबात दिवस काढले आहेत त्यांना निराळा सांगावा लागणार नाही.

या परिवारात महदाइसांचे वैशिष्ट्य एकच होते. त्या प्रश्न विचारीत. देव कसा, जीव कसा, अमुक क्षेत्री गेल्याने काय साधते, तमुक व्रताचे फळ कोणते, पुराणातली ही कथा खरी कशी मानावी. शंका मनात आली की ती स्वामींपुढे मांडलीच म्हणून समजावे. त्या काळी गुरूपुढे स्त्रीने मान वर करणे हेही धाडस होते. स्वामी मात्र त्रासले नाहीत. ही म्हातारी मोठी चर्चक आहे, सदा काही ना काही पुसतच असते, असे त्यांनी कौतुकाने बोलून दाखविल्याची आठवण पंथाने जपली आहे. स्वामींची कितीतरी निरूपणे महदाइसांच्या पृच्छेतून उगवली. त्यांनी विचारले नसते तर ती बोलली गेली असती की नाही, कोण जाणे.

याच शतकात फार दूर, इटलीतील असिसी गावी, क्लारा नावाच्या एका कुलीन कन्येने इ. स. १२१२ मध्ये रात्री घर सोडून संत फ्रान्सिस यांच्या हातून केस कापून घेतले आणि दारिद्र्याचे व्रत घेतले, याची येथे आठवण होते. नन म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या ख्रिस्ती संन्यासिनींपैकी ही एक थोर साध्वी. सान दामियानोच्या मठाच्या भिंतींआड तिने चाळीस वर्षांहून अधिक काळ काढला. आपल्या भगिनींना काहीही मालकीचे नसावे, हा नियम धर्मपीठाकडून मान्य करून घेण्यासाठी ती आयुष्यभर झगडली. १२५३ मध्ये मृत्यूच्या अवघे दोन दिवस आधी तिला ती मान्यता मिळाली. या दोघी एकमेकींना ठाऊक असणे शक्य नव्हते. क्लारेला भिंती मिळाल्या आणि महदाइसांना वाट मिळाली. निर्धनतेचे व्रत मात्र दोघींचे सारखेच होते.

इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले. मागे राहिलेल्या भक्तांची अवस्था काय झाली असेल? घर मागेच सुटलेले, परतीची वाट व्रतानेच बंद केलेली, आणि ज्यांच्यासाठी हे सारे सोडले ते दृष्टीआड झालेले. व्रत कोणापुढे पाळावयाचे, हा प्रश्न त्या परिवारातील प्रत्येकाच्या मनात उभा राहिला असला पाहिजे. महदाइसांपाशी प्रश्न पुष्कळ होते. उत्तर देणारे गेले होते.

स्वामींच्या आज्ञेप्रमाणे नागदेवाचार्य सर्वांना घेऊन रिद्धपूरला आले. अमरावती जिल्ह्यातील या गावी स्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू राहत. त्यांना राऊळ म्हणत. राऊळांचे वागणे जगावेगळे होते. लहान मुलासारखे हसावे, रुसावे, खेळावे. कोणाच्याही घरात शिरून हवे ते मागावे. महार-मातंगांच्या वस्तीत जाऊन तेथील अन्न आनंदाने खावे. परके त्यांना वेडे समजत. गावाला ते मायबापांच्या ठायी होते. ते क्रमवार उपदेश करीत नसत. शंका घेऊन गेले तर उत्तर मिळेलच, असा नेम नव्हता.

महदाइसांची खरी कसोटी लागली ती येथे, असे आम्हाला वाटते. जिने आजवर बुद्धीने भक्ती केली, तिला आता केवळ हातांनी भक्ती करावयाची होती. राऊळांच्या मठात साध्वींचा दिनक्रम सेवेचा होता. सडासंमार्जन, पाणी भरणे, स्नानाची सिद्धता, भिक्षा आणि रांधणे. राऊळांनी एखादा पदार्थ मागावा, तो घाईघाईने करून आणावा, तोवर त्यांचे मन दुसरीकडे गेलेले असावे. आरोगणा म्हणजे भोजन आणि पहुड म्हणजे शयन यांच्या वेळा त्यांच्या लहरीवर. गोविंदप्रभूंच्या चरित्रातील लीळा वाचताना पानापानावर या स्त्रियांची धावपळ दिसते. तक्रारीचा सूर मात्र शोधूनही सापडत नाही. एकाच छपराखाली, अनेक स्त्रियांनी, मालकीची एकही वस्तू नसताना वर्षानुवर्षे एकत्र नांदावे, हे झाडाखाली एकटीने निजण्याहून कमी कठीण नव्हते.

एके दिवशी राऊळांना लग्न करण्याची हौस आली. वृद्ध अवधूताची ही लहर. पण रिद्धपूरने ती मोडली नाही. लग्नाची सिद्धता झाली. लग्न म्हटले की धवळे गाणारी हवी. ती आज्ञा महदाइसांना झाली. वर्षानुवर्षे मंगलकार्यात पुढे येण्याची ज्यांना मनाई, त्या बालविधवेच्या मुखातून विवाहगीते उमटली! त्यांनी गायिले ते श्रीकृष्ण-रुक्मिणीचे स्वयंवर. रुक्मिणी विदर्भाची लेक, तिचे कौंडिण्यपूर याच अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी. रुक्मिणीही आपल्या मनाने वर निवडून घराबाहेर पडलेली. महदाइसांना हा विषय का सुचला असावा, हे उलगडून सांगण्याची गरज नाही. प्रसंगी रचलेला तो पूर्वार्ध आणि भक्तांच्या आग्रहावरून पुढे रचलेला उत्तरार्ध मिळून दीडशेच्या घरात धवळे होतात. मराठीतील स्त्रीरचित काव्याचा आरंभ तेथे झाला. ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ ही त्यांची आणखी एक रचना.

काही काळाने राऊळांनीही देह ठेवला. दुसऱ्यांदा छत्र हरपले. आता सर्व भार नागदेवाचार्यांवर आला, आणि महदाइसा परिवारातील वडीलधाऱ्या झाल्या. या काळातील एक प्रसंग ‘स्मृतिस्थळा’त आहे. केशोबास हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांच्या मनात पंथाची ग्रंथरचना संस्कृतात व्हावी असे होते. आचार्यांनी ते थांबविले. संस्कृतात लिहिल्याने आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, हे त्यांचे कारण होते. आचार्य स्वतः व्युत्पन्न होते, संस्कृताचे वैरी नव्हते. पण त्यांच्यासमोर आबाइसा, महदाइसा आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणी बसलेल्या होत्या. त्यांना कळणार नाही ते ज्ञान त्यांना नको होते. मराठी गद्याचा पाया घातला गेला त्याच्या मुळाशी राजाज्ञा नव्हती, एका मठातील वृद्ध संन्यासिनींची सोय होती.

म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते १२७८ च्या सुमारास, राऊळ असतानाच. स्वामींच्या सहवासात जे जे होते, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभट एकेक आठवण विचारून घेत, ताडून पाहत. महदाइसांच्या आठवणी त्यांना मोलाच्या ठरल्या. ज्यांनी प्रश्न विचारला होता, त्यांनाच उत्तर शब्दशः आठवत होते. जन्मभर इतरांना विचारणाऱ्या महदाइसांना आता दुसरे कोणी विचारीत होते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस किंवा चौदाव्याच्या प्रारंभी केव्हातरी महदाइसांनी देह ठेवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत दक्षिणेवर खिलजींच्या स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणावरून ती पुन्हा लिहिली गेली. त्या पाठांपैकी एक पाठ हिराइसा नावाच्या साध्वीच्या नावाने ओळखला जातो. पुढे पंथाने ग्रंथ सांकेतिक लिपीत बंदिस्त केले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी महदंबेच्या काव्यावर परिश्रम घेतले, आणि १९७८ मध्ये डॉ. वि. भि. कोलते यांची ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती प्रसिद्ध झाली.

रिद्धपूरला आजही महानुभाव साध्वींचे मठ आहेत. राऊळांचा राजमठ आहे, आणि अलीकडे त्याच गावी मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. पहाटे मठांतून पारायणाचा स्वर येतो, तेव्हा महदाइसांनी विचारलेला एखादा प्रश्न आणि त्याला स्वामींनी दिलेले उत्तर आजही त्यांच्याच मराठीत म्हटले जात असते.