पॅट्रिक गेडीस : नगर आणि नागरिक

मद्रासच्या दक्षिणेस, अड्यार नदीच्या तीरावरील हडलस्टन गार्डन्स ही मालमत्ता थिऑसॉफिकल सोसायटीने १८८२ मध्ये विकत घेतली. अशी ऐसपैस उद्यानगृहे कंपनीच्या राजवटीतील धनिकांनी वसविली होती, आणि त्याच व्यापाराच्या ओढीने किल्ल्याजवळची वस्ती दाटत गेली होती. एकाच संपत्तीने घडविलेली ही दोन रूपे ज्या नगरात शेजारी शेजारी होती, तेथे १९१४ साली गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडीस आले.

गेडीस यांचा जन्म १८५४ मध्ये स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. जीवशास्त्राचे शिक्षण त्यांनी हक्स्ली यांच्यापाशी घेतले. १८८६ मध्ये विवाह झाल्यावर पत्नी ॲना हिच्यासह त्यांनी एडिंबरोच्या जुन्या, दरिद्री भागात बिऱ्हाड थाटले आणि तेथील पडकी घरे दुरुस्त करविली. प्राण्याचा विचार परिसराला सोडून करता येत नाही, तसा नगराचाही करता येत नाही, ही त्यांची धारणा येथेच दृढ झाली.

हिंदुस्थानाकडे निघालेले त्यांचे नगररचना-प्रदर्शन ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने जहाजासह बुडविले. मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठविले व १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले. त्यानंतर मद्रास इलाख्यातील नगरांवर लिहिलेल्या अहवालांत त्यांनी प्रचलित सुधारणेचे वर्म दाखविले. सरळ, रुंद रस्त्यासाठी वस्ती पाडली की तेथील गरीब नाहीसे होत नाहीत. ते शेजारच्या वस्तीत शिरतात, तेथील दाटी व भाडे वाढते आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचा भाव चढतो. यावर त्यांचा उपाय कुशल शल्यवैद्याचा होता : मोजकी मोडकी घरे काढावीत, तलाव, वृक्ष व देवळांची आवारे राखावीत आणि रहिवाशांना स्थानभ्रष्ट करू नये.

१९१७ मध्ये पुत्र ॲलस्टर फ्रान्सच्या रणांगणावर पडला. कलकत्त्यास आजारी असलेल्या ॲनाला ती वार्ता त्यांनी कळू दिली नाही. थोड्याच काळात तीही निवर्तली. या दुःखातच त्यांनी होळकरांच्या इंदूरचा दोन खंडांचा अहवाल सिद्ध केला. तो १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्या विचाराची मर्यादा मात्र मद्रासनेच उघड केली. त्यांना बोलावणाऱ्या पेंटलंड यांच्याच सरकारने १९१७ मध्ये ॲनी बेझंट यांना स्थानबद्ध केले. बेझंट यांच्यासह स्थानबद्ध झालेले अड्यारचे बी. पी. वाडिया १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियनच्या स्थापनेत अग्रभागी होते. गिरणीकामगाराची वस्ती त्याच्या मजुरीवर व जमिनीच्या मालकीवर अवलंबून असते. गेडीस यांनी भाडे व दाटी पाहिली, परंतु उपाययोजनेसाठी भिस्त ठेवली ती गव्हर्नर, संस्थानिक आणि जागृत नागरिक यांच्यावर. भांडवल नगराचे अवकाशच उत्पादित करते, ही मांडणी आंरी लफेव्र यांनी १९७४ मध्ये केली. तिच्यातील एक निरीक्षण गेडीस यांच्या अहवालांत आधीच आहे, सिद्धान्त मात्र नाही.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला तो त्यांच्याच हाताखाली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना इंग्लंडला पाठविण्यात त्यांचा वाटा होता. १९२४ मध्ये घुर्ये त्यांच्या जागी आले आणि विभागाचा भर जातिसंस्थेच्या अभ्यासाकडे वळला. गेडीस १९३२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे कालवश झाले. वस्ती हलविण्यापूर्वी तिच्या गल्लीतून पायी हिंडले पाहिजे, हा त्यांचा दंडक नगरे पाडणाऱ्यांनी क्वचितच पाळला. त्या दुर्लक्षाची किंमत भाडेकरूंनी मोजली.