सुई सुटली, कुंचला धरला

बोटांचे सांधे दुखायला लागले की घरातल्या आजीचे किंवा आईचे सर्वांत आधी काय सुटते? स्वयंपाक सुटत नाही, कारण तो करावाच लागतो. सुटते ते विणकाम, भरतकाम, क्रोशाचा रुमाल, नातवासाठी सुरू केलेला स्वेटर. छंद आहे, राहिला तर राहिला, असे घरचे म्हणतात आणि लोकरीची पिशवी माळ्यावर जाते. त्या पिशवीबरोबर माणसाचे आणखी काय काय माळ्यावर जाते, याचा विचार फारसा होत नाही. अमेरिकेतल्या एका शेतकरी आजीचे आयुष्य त्यासाठी पाहण्यासारखे आहे. अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस हे त्यांचे नाव. जग त्यांना ग्रँडमा मोझेस म्हणून ओळखते.

अ‍ॅना मेरीचा जन्म ७ सप्टेंबर १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनिच या गावी झाला. दहा भावंडांत ती तिसरी. वडील शेती करत आणि अळशीच्या झाडापासून तागासारखा धागा काढण्याची छोटी गिरणी चालवत. मुलांना चित्रे काढायला ते कोरे कागद आणून देत. गोळ्या-चॉकलेटे लगेच संपतात, कागद त्याच पैशांत जास्त वेळ पुरतो, असा त्यांचा हिशेब होता. रंग विकत मिळण्यातले नव्हते. द्राक्षांचा आणि लिंबाचा रस वापरून ही मुलगी डोंगर, झाडे, आभाळ रंगवायची.

हे फार दिवस चालले नाही. बाराव्या वर्षी ती दुसऱ्यांच्या घरी कामाला लागली. स्वयंपाक, धुणे, शिवण, आजाऱ्यांची देखभाल असे करत तिने सुमारे पंधरा वर्षे काढली. एका घरच्या मालकांनी तिला भिंतीवरची छापील चित्रे निरखताना पाहिले आणि खडू, मेणाचे रंग आणून दिले. चित्रकलेचे तिला मिळालेले शिक्षण म्हणायचे तर तेवढेच.

१८८७ मध्ये त्यांचे थॉमस मोझेस या शेतमजुराशी लग्न झाले आणि दोघे व्हर्जिनियात शेती करायला गेले. तिथे त्यांची दहा बाळंतपणे झाली. पाचच मुले जगली. लसी नव्हत्या, प्रतिजैविके नव्हती, अडलेल्या बाळंतपणाला जवळ रुग्णालय नव्हते. अशा काळातल्या कितीतरी बायकांचा हा अनुभव होता. मोझेसबाई लोणी घुसळून आणि बटाट्याचे वेफर्स तळून विकत आणि संसाराला हातभार लावत. १९०५ मध्ये कुटुंब न्यूयॉर्क राज्यात परतले आणि ईगल ब्रिज या खेड्यात शेत घेऊन स्थिरावले. १९१८ च्या सुमारास बैठकीच्या खोलीच्या भिंतींना कागद चिकटवताना शेकोटीसमोरच्या फळीपुरता कागद कमी पडला, तेव्हा त्यांनी त्या फळीवर घरातल्याच रंगाने एक देखावा रंगवून टाकला. चित्र काढण्याची हौस आत कुठेतरी शाबूत होती, सवड नव्हती.

१९२७ मध्ये पती गेले. काही वर्षांनी, १९३२ मध्ये, मुलगी अ‍ॅना क्षयाने आजारी पडली म्हणून मोझेसबाई तिच्या घरी, व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टनला गेल्या. क्षयावर त्या वेळी औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला आणखी अकरा वर्षे होती. विश्रांती, मोकळी हवा आणि खाणेपिणे एवढेच उपचार. त्या दिवसांत अ‍ॅनाने आईला लोकरीच्या धाग्यांनी भरलेले एक चित्र दाखवले आणि असे तुला जमेल का, असे विचारले. आईला जमले. अ‍ॅना त्या आजारातून उठली नाही; मोझेसबाई नातवंडांना सांभाळायला तिथेच राहिल्या. लोकरीची चित्रे मात्र त्यांनी चालूच ठेवली. शेत, पूल, बर्फातली घरे त्या कापडावर टाक्याटाक्याने भरत आणि ती चित्रे लोकांना भेट देत.

पंच्याहत्तरीच्या सुमारास हातांतल्या संधिवाताने सुई धरणे कठीण केले. इथे हाताची रचना थोडी समजून घ्यायला हवी. सुई बारीक असते, म्हणून अंगठा आणि तर्जनीची चिमूट घट्ट आवळावी लागते. चिमटीच्या टोकाशी जेवढा जोर लागतो, त्याच्या कितीतरी पट भार अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर पडतो. शिवाय प्रत्येक टाक्याला सुई टोचायची, ओढायची, मनगट फिरवायचे. सांध्यातली कूर्चा झिजलेली असेल तर हीच हालचाल शेकडो वेळा केल्यावर हात ठणकणारच. ब्रशचा दांडा त्या मानाने जाड असतो, तो सैल धरला तरी चालतो. कापडातून काही ओढून काढायचे नसते आणि बरीचशी हालचाल कोपर व खांद्यातून करता येते.

हे शरीरशास्त्र मोझेसबाईंना कोणी शिकवले नव्हते. बहीण सेलेस्टियाने सुचवले, की टाके घालणे जमत नसेल तर रंगवून बघ. त्यांनी बघितले. छंद सोडला नाही, त्याचे हत्यार बदलले. चित्रे तीच राहिली: साखरेच्या मेपलचा रस काढणे, बर्फातल्या घसरगाड्या, सुगी, धुण्याचा दिवस. उजवा हात दुखला तर त्या ब्रश डाव्या हातात घेत. हार्डबोर्डच्या तुकड्यावर आधी पांढरा रंग द्यायचा, मग वरून खाली यायचे: आधी आभाळ, मग डोंगर, मग झाडे आणि घरे, शेवटी माणसे आणि जनावरे. वेगळी चित्रशाळा नव्हती. घरातले साधे टेबल पुरत असे.

गावच्या जत्रेत त्यांनी चित्रे आणि जॅम दोन्ही मांडले. बक्षीस जॅमला मिळाले. पुढे हूसिक फॉल्स गावातल्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत चित्रे विकायला ठेवली होती. किंमत आकारानुसार तीन ते पाच डॉलर. १९३८ मध्ये लुई काल्डोर नावाचे एक इंजिनिअर तिथून जात होते. त्यांना कलावस्तू जमवण्याचा नाद होता. दुकानातली सगळी चित्रे त्यांनी विकत घेतली आणि मग आजींचे घर शोधत गेले. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अनोळखी चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांची तीन चित्रे लागली. १९४० मध्ये व्हिएन्नाहून आलेल्या ऑटो कालिर यांनी आपल्या गॅलरीत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या.

नंतर प्रसिद्धी आली ती थांबलीच नाही. शुभेच्छापत्रांवर, पडद्यांच्या कापडावर, चिनीमातीच्या भांड्यांवर त्यांची चित्रे छापली गेली. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, १९५३ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या. आत्मचरित्रही लिहून झाले. शंभराव्या वाढदिवसानंतरही ब्रश हातात होता. १३ डिसेंबर १९६१ रोजी, १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. साठच्या दशकात टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. पंच्याहत्तरीनंतर काढलेल्या चित्रांची संख्या दीड हजारांवर गेली होती.

चित्रांमुळे त्या शंभरी पार करू शकल्या, असे म्हणता येणार नाही. दीर्घायुष्यात आनुवंशिकता, कष्टाची सवय आणि नशीब यांचाही वाटा असतो. पण हाताच्या छंदांचा मेंदूशी संबंध असावा, असे संशोधकांनाही वाटते. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी सत्त्याऐंशीच्या आसपास वयाच्या २५६ व्यक्तींची सरासरी चार वर्षे पाहणी केली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. मध्यमवयात आणि उतारवयात चित्रकला, शिल्पकला यांसारख्या कला जोपासणाऱ्यांमध्ये स्मरणशक्तीची सौम्य घसरण कमी आढळली. शिवण, विणकाम, मातीकाम अशा हस्तकला करणाऱ्यांमध्येही ती कमी होती. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाहीत. ज्यांचा मेंदू तल्लख आहे तेच छंद टिकवत असतील, हीही शक्यता राहते. तरीही नुकसान काहीच नाही आणि दिवस आनंदात जातो, एवढा फायदा तरी पक्का आहे.

मोझेसबाईंनी जे नकळत केले, तेच आज हातांचा संधिवात असलेल्यांना सांगितले जाते. दुखणाऱ्या सांध्याला पूर्ण आराम देऊन तो बरा होत नाही. न वापरलेला हात आखडतो आणि स्नायू अशक्त होतात. हात वापरायचा, पण भार कमी करून. विणायच्या सुया जाड आणि हलक्या घ्याव्यात. क्रोशाची सुई, पेन्सिल किंवा ब्रशच्या दांड्याला स्पंज किंवा कापड गुंडाळून जाड करावे. वीस-पंचवीस मिनिटांनी काम थांबवून बोटे उघडावीत, मिटावीत. सकाळी हात आखडलेले असतील तर आधी कोमट पाण्यात धरावेत. काम पोटाजवळ, कोपर टेकवून करावे. डोळ्यांवर ताण येत असेल तर चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासून घ्यावा. पुष्कळांचे भरतकाम हातांमुळे नव्हे, डोळ्यांमुळे सुटते. आणि एक काम अगदीच जमेनासे झाले तर त्याच्या शेजारचे शोधावे. भरतकाम जमत नसेल तर चित्र, बारीक विणकाम जमत नसेल तर जाड लोकरीचा मफलर, पेन्सिल टोचत असेल तर जलरंग.

काही लक्षणे मात्र छंदावर सोडून द्यायची नाहीत. सकाळी अर्धा-पाऊण तासाहून अधिक वेळ बोटे आखडलेली राहणे, दोन्ही हातांच्या बोटांची पेरे सुजून गरम होणे, बरोबर थकवा किंवा बारीक ताप असणे ही झिजेच्या संधिवाताची नव्हे, तर र्‍हुमॅटॉइड आजाराची लक्षणे असू शकतात. त्यावर आज चांगली औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केली तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते. ‘वयाचे दुखणे’ म्हणून वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांसाठीही यात एक काम आहे. अ‍ॅनाने आजारपणात आईपुढे एक नमुना ठेवला आणि सेलेस्टियाने सुई सुटल्यावर ब्रश सुचवला. दोघींनी आता कशाला दगदग, असे म्हटले नाही. माळ्यावरची पिशवी खाली काढताना त्यात जाड सुया आणि रंगांची एक छोटी पेटी टाकायला फारसा खर्च येत नाही.