फ्रान्झ काफ्का : सुतारांच्या तुटलेल्या बोटांची दखल घेणारा विमा अधिकारी

नवी दिल्ली, ३ जून : प्राग येथे ३ जुलै १८८३ रोजी एका जर्मनभाषक ज्यू व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले फ्रान्झ काफ्का जगाला ‘द ट्रायल’ आणि ‘मेटामॉर्फोसिस’चे लेखक म्हणून ठाऊक आहेत. त्यांची नोकरी मात्र लेखनाच्या आड आलेली कटकट म्हणूनच बहुधा सांगितली जाते. ती कटकट त्यांना खरोखरच वाटे. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

कायद्याची डॉक्टरेट १९०६ मध्ये मिळविल्यानंतर एका खासगी विमा कंपनीत काही महिने काढून काफ्का ३० जुलै १९०८ रोजी बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रियाच्या १८८७ च्या कायद्याने अशा संस्था स्थापन झाल्या होत्या. जखमी कामगाराला भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे. कारखान्यातील धोक्यानुसार मालकाचा हप्ता ठरे आणि तो कमी करून घेण्यासाठी मालक तक्रारींवर तक्रारी करीत. त्यांना उत्तरे देणे व उत्तर बोहेमियातील औद्योगिक गावांत फिरून कारखाने पाहणे, ही काफ्का यांची कामे होती.

संस्थेच्या १९०९ च्या वार्षिक अहवालासाठी त्यांनी लाकूड रंधण्याच्या यंत्रांवर टिपण लिहिले. या यंत्रात मेजाच्या दोन भागांमधील फटीत पाती लावलेला दांडा वेगाने फिरतो आणि सुतार फळी हाताने त्यावरून सरकवतो. त्या काळी हा दांडा सर्रास चौकोनी असे. त्याच्या सपाट बाजूंमुळे मेज आणि दांडा यांच्यात मोठी पोकळी राही. लाकडात गाठ आली, पाते जरासे सरकले किंवा हाताचा दाब कमीजास्त झाला की फळी उसळे, हात पोकळीत जाई आणि बोटांची पेरी छाटली जात. काफ्का यांनी गोल दांड्याचा आग्रह धरला. त्यात पाती दांड्याच्या आतच बसविलेली असतात, फट अरुंद राहते. बोट घसरले तरी जखम वरवरची होते. दोन्ही दांड्यांची चित्रे आणि जायबंदी हातांची रेखाटने त्यांनी अहवालात दिली. गोल दांडा खर्चाच्या दृष्टीनेही परवडतो, हेही मांडले. मालकांच्या गळी उतरेल असा मुद्दा बहुधा तोच होता.

या टिपणाचे महत्त्व तांत्रिक तपशिलापलीकडचे आहे. अपघात झाला की कामगाराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविण्याची रीत तेव्हाही होती. अत्यंत सावध आणि कसलेल्या सुताराचाही हात चौकोनी दांड्यापुढे सुरक्षित नाही, असे दाखवून काफ्का यांनी दोष माणसाकडून यंत्राकडे वळविला.

जखमी कामगार संस्थेवर चाल करून येण्याऐवजी विनवण्या करीत येतात, याचे त्यांना नवल वाटे, अशी आठवण त्यांचे मित्र माक्स ब्रॉड यांनी नोंदविली आहे. याच काळात, १९११ पासून, काफ्का स्वतः मेहुण्याच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात भागीदार होते. त्या कारखान्यातील मुलींची दशा पाहून आलेली अस्वस्थता त्यांच्या दैनंदिनीत आहे.

सप्टेंबर १९१३ मध्ये व्हिएन्ना येथील अपघात प्रतिबंधविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेला ते उपस्थित होते. महायुद्धात संस्थेकडे जखमी सैनिकांचे काम आले. मानसिक आघात झालेल्या सैनिकांसाठी रुग्णालय उभारण्याच्या प्रयत्नांत काफ्का यांचा पुढाकार होता. चेकोस्लोव्हाकियाच्या स्थापनेनंतर संस्थेचा कारभार चेक भाषेत गेला, तरी चेक येत असल्याने त्यांची नोकरी टिकली. १९१७ मध्ये मात्र क्षयाने गाठले होते. १ जुलै १९२२ रोजी ते निवृत्त झाले. ३ जून १९२४ रोजी व्हिएन्नाजवळील कीर्लिंग येथे, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारतात कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा त्यानंतर महिन्याभरातच, १ जुलै १९२४ पासून लागू झाला.

त्यांच्या अप्रकाशित कादंबऱ्या ब्रॉड यांनी मृत्यूनंतर लगेच छापावयास घेतल्या. कचेरीतील लेखनाचा संग्रह पुस्तकरूपाने येण्यास १९८४ साल उजाडले.