स्टीव्ह मॅक्वीन आणि न दिसणारी धूळ

‘द ग्रेट एस्केप’मध्ये मोटारसायकल पळवणारा स्टीव्ह मॅक्वीन आज पन्नाशी-साठीत असलेल्या बऱ्याच पालकांना आठवत असेल. (कुंपणावरची ती प्रसिद्ध उडी मात्र त्याच्या मित्राने, बड एकिन्सने मारली होती!)

जन्म २४ मार्च १९३०, अमेरिकेतील इंडियाना राज्यात. वडील विमानांच्या कसरती करणारे. मूल तान्हं असतानाच ते घर सोडून गेले. एका कानाने कमी ऐकू यायचं, वाचनही अडखळत. वाट चुकलेल्या या मुलाला कॅलिफोर्नियात चिनो इथल्या बॉइज रिपब्लिक या संस्थेत ठेवलं. पुढे नाव झाल्यावरही तो तिथल्या मुलांना भेटायला जात असे. शिक्षक म्हणून मला त्याच्या सिनेमांपेक्षा हे जास्त भावतं.

१९४७ मध्ये, सतराव्या वर्षी तो मरीन दलात भरती झाला. तिथे जहाजातल्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं वेष्टण खरवडून काढायचं काम त्याच्याकडे आलं. ॲस्बेस्टॉस म्हणजे तंतुमय खनिज. आगीला दाद देत नाही, म्हणून जहाजांत, गाड्या-विमानांच्या ब्रेकमध्ये, इंजिनाच्या गॅस्केटमध्ये सर्रास वापरलं जाई. ब्रेक साफ करताना हवेचा फवारा मारला की मेकॅनिकच्या नाकातोंडात तीच धूळ जायची. तंतू इतके बारीक की दिसतही नाहीत. फुप्फुसात रुतले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. खोकला नाही, ताप नाही. वीस, तीस, चाळीस वर्षं सगळं शांत.

मधल्या काळात ‘बुलिट’, ‘पॅपिलॉन’, शर्यती, अफाट प्रसिद्धी. १९७९ मध्ये त्याने जुनं, दोन मजली पंखांचं स्टिअरमन विमान घेतलं, उडवायला शिकला आणि सांता पॉला विमानतळावरच्या हँगरमध्येच राहू लागला. त्याच डिसेंबरात निदान झालं : मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग.

इथे मुलांना गणित घालायला हरकत नाही. विमानाचा नाद नुकताच लागलेला, म्हणजे दोष त्याचा नव्हे. शर्यतीच्या आगरोधक पोशाखातही ॲस्बेस्टॉस असे, पण त्याला स्वतःला जास्त संशय होता तो जहाजातल्या त्या पाइपांचा. १९४७ ते १९७९, हिशेब जुळतो. खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. या आजाराची हीच अडचण आहे : कामगार आजारी पडतो तेव्हा ते काम सुटून कितीतरी वर्षं झालेली असतात, आणि पुरावा मागितला तर द्यायचा कुठून?

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा तो मेक्सिकोत गेला. तिथे शस्त्रक्रियेनंतर ७ नोव्हेंबर १९८० रोजी वारला. वय पन्नास.