पैशा-पैशातून उभी राहिली काच. कोण होते ईश्वरदास वार्ष्णेय?

रायगडच्या किनाऱ्यावरून बोरघाट चढून गेले, की पुढे तळेगाव दाभाडे लागते. १९०८ मध्ये तिथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून निधी जमवला होता. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. पैसे जमले, पण काच करणार कोण?

ते काम ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आले. उत्तर भारतातले वार्ष्णेय जपानमध्ये आणि अमेरिकेत एमआयटीत शिकून परतले होते.

यात अवघड काय? पाणी शून्य अंशाला गोठते. काचेला असा ठरावीक बिंदू नसतो. साधी काच सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला मधाइतकी दाट असते. १,००० अंशांना ती शंभरपट दाट होते, तर ५५० अंशांजवळ दहा हजार कोटी पट! तेव्हा ती घनच वाटते. बाटली फुंकायची ती या दोन टोकांच्या मध्ये, मोजक्या क्षणांत. घाईने थंड केली, तर तडकते.

हा अंदाज हातालाच यावा लागतो. म्हणून तळेगावात काचेबरोबर कारागीरही घडवले गेले. वार्ष्णेय यांनी पुढे आजच्या उत्तर प्रदेशात बहजोईला कारखाना काढला. तळेगावात शिकलेल्या हातांनी इतरत्र भट्ट्या पेटवल्या.