राजे सहावे जॉर्ज

आमच्या मलकापूर तालुक्यात जुन्या पेट्यांतून अद्याप एखादा असा रुपया निघतो की, ज्यावर मुकुट घातलेल्या राजाचे मुख असते. पुष्कळदा ते सहाव्या जॉर्ज राजांचे असते. हे हिंदुस्थानचे शेवटचे बादशहा होत. बादशहा ह्या नात्याने त्यांनी ह्या देशात कधी पाऊल ठेविले नाही. तथापि बादशाही गेल्यावर ह्या देशाशी त्यांचा जो नवा संबंध जडला, तसा पूर्वी कोणत्याही राजाचा कोणत्याही प्रजासत्ताक राष्ट्राशी जडला नव्हता. तो कसा जडला हे वाचकांस कळावे म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचा जन्म ता. १४ डिसेंबर १८९५ रोजी इंग्लंडात सँड्रिंगहॅम येथे झाला. त्यांचे पाळण्यातील नाव आल्बर्ट. ते पाचव्या जॉर्ज राजांचे द्वितीय पुत्र असल्यामुळे गादी त्यांजकडे येईल असे कोणाच्या मनात नव्हते. लहानपणी त्यांचे पाय गुडघ्यांशी वाकडे होते, म्हणून ते पट्ट्यांत बांधून ठेवीत. ते डावखुरे होते, परंतु त्यांस उजव्या हाताने लिहावयास लाविले. ह्यांत भर म्हणून बोलताना त्यांची जीभ अडखळू लागली. पुढे ते आरमारात गेले व सन १९१६ साली जटलंडच्या समुद्रयुद्धात हजर होते. सन १९२३ त एलिझाबेथ बोझ-लायन ह्यांजबरोबर त्यांचा विवाह झाला व त्यांस दोन कन्या झाल्या.

सन १९२५ त लंडनजवळ वेम्बली येथील मोठ्या प्रदर्शनाच्या समारोपाचे भाषण त्यांस करावे लागले. शब्द तोंडातून निघेनात, आणि ऐकणारांसही अवघड वाटले. पुढील वर्षी त्यांनी ऑस्ट्रेलियातून आलेले लायोनेल लॉग नावाचे गृहस्थ गाठले. लॉग ह्यांजपाशी वैद्यकीची कोणतीही पदवी नव्हती. तरी राजपुत्राने त्यांच्या हाताखाली शिष्यासारखे बसून श्वास घेण्याचा व बोलण्याचा अभ्यास नेटाने केला. सन १९२७ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाची नवी राजधानी कॅनबेरा येथे तेथील पार्लमेंटचे उद्‌घाटन करताना त्यांचे भाषण नीट पार पडले.

सन १९३६ च्या डिसेंबरात त्यांचे थोरले बंधू आठवे एडवर्ड ह्यांनी गादी सोडिली, कारण त्यांनी योजिलेल्या विवाहास मंत्रिमंडळाची संमती नव्हती. तेव्हा मनात नसता हा भार धाकट्या बंधूंवर आला. त्यांनी वडिलांचे नाव धारण केले व ता. १२ मे १९३७ रोजी त्यांस राज्याभिषेक झाला. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४० त त्यांच्या लंडनच्या राजवाड्यावर बाँब पडले, तरी राजाराणींनी ते शहर सोडिले नाही. ज्या गरीब वस्त्यांतील घरे पडली, तेथे जाऊन ते लोकांस भेटत असत.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. सन १९३१ च्या कायद्याने कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी वसाहती इंग्लंडच्या बरोबरीच्या झाल्या. राजा सर्वांचा एकच, परंतु प्रत्येक देशात त्याने तेथील मंत्र्यांच्याच सल्ल्याने चालावे, असे ठरले. ता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हिंदुस्थान व पाकिस्तान ह्यांसही हाच दर्जा मिळाला. म्हणून राजगोपालाचारी ह्यांची गव्हर्नर जनरलच्या जागी नेमणूक झाली ती राजाच्या नावाने, परंतु आमच्या मंत्रिमंडळाच्या सांगण्यावरून. काश्मीरात दोन्ही देशांची सैन्ये लढत होती, तेव्हाही दोघांचा राजा एकच होता! सन १९४८ च्या जून महिन्यात हिंदुस्थानचे बादशहा ही पदवी त्यांनी रीतसर सोडिली.

पुढे अडचण उभी राहिली. घटना परिषदेने प्रजासत्ताकाचा निश्चय केला होता. ज्या देशास राजा नको, त्याने राष्ट्रकुटुंबातून निघावे, अशी तोवरची वहिवाट होती. ब्रह्मदेश त्याप्रमाणे निघून गेला. सन १९४९ च्या एप्रिलात आठ देशांचे प्रतिनिधी लंडनास जमले व त्यांनी नवी तोड काढिली. हिंदुस्थानावर राजाची सत्ता राहू नये व हिंदी लोकांवर राजनिष्ठेचे बंधनही नसावे. मात्र स्वतंत्र राष्ट्रांच्या स्वेच्छेच्या संबंधाचे चिन्ह म्हणून, व तेवढ्यापुरतेच राष्ट्रकुलाचे प्रमुख म्हणून, हिंदुस्थानने त्यांस मानावे. घटना परिषदेत काही सभासदांनी ह्यास विरोध केला. दक्षिण आफ्रिकेत आपल्या बांधवांची मानहानी होत असता त्या सरकाराच्या पंक्तीस का बसावे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु हा संबंध खुशीचा असून वाटेल तेव्हा सोडता येतो, हे पाहून परिषदेने मे महिन्यात मान्यता दिली.

नामधारी धनी म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या लोकांस वेगळे सांगावयास नको. सन १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. सन १९०२ त सालीना २५ लक्ष रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा झाला, आणि सन १९३६ त निजामाच्या वडील पुत्रास वऱ्हाडचे युवराज ही पदवी मिळाली. कागदावर धनी हैदराबादेस, आणि मलकापूरच्या शेतकऱ्याचा सारा इंग्रजी खजिन्यात! ह्या सर्व व्यवहारात रयतेस कोणी विचारले नाही. म्हणून तो करार संपल्यावर त्या नावाचा मागमूसही उरला नाही. सन १९४९ च्या ठरावात मात्र ज्यांचा संबंध होता त्यांनीच संमती दिली होती. दोहोंतील भेद एवढाच, परंतु तो फार मोठा आहे.

ता. २६ जानेवारी १९५० रोजी हिंदुस्थान प्रजासत्ताक झाले. राजांची प्रकृती तोवर खालावली होती. सन १९५१ त त्यांचे एक फुप्फुस काढावे लागले, व ता. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी पहाटे सँड्रिंगहॅम येथे झोपेतच त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. प्रमुखपद वारसाहक्काचे नसताही राष्ट्रांनी त्यांची कन्या दुसरी एलिझाबेथ हिला ते दिले. सन २०१८ त त्यांचे नातू चार्ल्स ह्यांस पुढील प्रमुख मानण्याचे ठरले व सन २०२२ पासून ते त्या पदावर आले. दक्षिण आफ्रिकेविषयीचा तो प्रश्नही वाया गेला नाही. वर्णभेदाच्या धोरणावरून इतर सभासदांचा रोष झाल्यामुळे ते राष्ट्र सन १९६१ त बाहेर पडले, आणि ते धोरण टाकल्यावर सन १९९४ त परत आले. आज ह्या संघात ५६ देश असून त्यांपैकी केवळ १५ देशांचे चार्ल्स हे स्वतःचे राजे आहेत.

सहाव्या जॉर्ज राजांनी मोठे प्रदेश जिंकिले नाहीत. त्यांच्या कारकीर्दीत प्रदेश हातचे गेले. परंतु जे जात होते ते त्यांनी अडवून धरिले नाही, आणि जे लोकांनी आपखुशीने दिले ते कमी मानून नाकारिलेही नाही. पाटीलकी असो, पंचायत असो की मंडळीतील वडीलपण असो, हुकूम चालेनासा झाल्यावर माणसाजवळ काय उरते, ह्याचा विचार करणारांनी हे चरित्र ध्यानात ठेवावे.