कॅरीसाहेबांचा आवेश

ज्या गृहस्थांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून काढिलें, त्यांचें आयुष्य बंगाल्यांत गेलें, आणि मूळचे ते जोडे शिवणारे कारागीर होते, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी या खेड्यांत, एका गरीब विणकराच्या घरीं झाला. जोडे शिवतां शिवतांच ते लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकले. १७९३ सालीं ते हिंदुस्थानास आले ते कायमचे; १८३४ सालीं श्रीरामपूर येथें मरण येईपर्यंत ४१ वर्षांत त्यांनीं मायदेश पुन्हां पाहिला नाहीं.

आरंभ मोठा कठीण झाला. पैसा संपला, तेव्हां निळीच्या कारखान्यावर त्यांस नोकरी धरावी लागली. १७९४ त पांच वर्षांचा पीटर वारला. त्यांची पत्नी डॉरथी मुळांतच येण्यास नाखूष होती. तिला वेड लागलें, तें १८०७ त तिच्या मृत्यूपर्यंत गेलें नाहीं. आवेशाची स्तुति करितांना ही गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्या कार्याची किंमत जिनें तें पत्करिलें नव्हतें, तिनेंही भरिली.

सात वर्षें त्यांच्या उपदेशानें एकाही हिंदी मनुष्यानें बाप्तिस्मा घेतला नाहीं. २८ डिसेंबर १८०० रोजीं कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला, तो पहिला. पुढें फोर्ट विल्यम कॉलेजांत कॅरीसाहेब बंगाली, संस्कृत व मराठी शिकवूं लागले. पगार चांगला होता. पण त्यांतील बहुतेक भाग मिशनच्या सामाईक खजिन्यांत जाई. मराठीच्या कामीं वैजनाथ पंडितांचें त्यांस मोठें साह्य झालें.

११ मार्च १८१२ रोजीं संध्याकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. साहेब कलकत्त्यास होते. कागद, नाना लिप्यांचे खिळे, आणि वर्षानुवर्षें लिहिलेलीं हस्तलिखितें जळून गेलीं. यंत्रें तेवढीं वांचलीं. राखेंतून वितळलेलें शिसें वेंचून पुन्हां खिळे ओतण्यांत आले, आणि पन्नाशीस टेकलेले साहेब पहिल्या पानापासून पुन्हां लिहावयास बसले. सारेंच परत मिळालें असें नाहीं. त्यांचा बहुभाषी कोश गेला तो गेलाच.

आम्हांस त्यांचा सर्वांत आवडतो तो एक रविवार. ६ डिसेंबर १८२९ रोजीं सतीची चाल बंद करणारा सरकारी कायदा बंगालीत भाषांतर करण्यासाठीं त्यांजकडे आला. ते उपासनेच्या तयारींत होते. एका दिवसाचा विलंब म्हणजे कोठें तरी एखाद्या विधवेचा प्राण, हें त्यांनीं तत्काळ जाणलें. उपदेशाचें काम दुसऱ्यावर सोपवून ते आपल्या पंडितासह मेजाशीं बसले, आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरें झालें.